गावडे सिस्टरांची रविवारची ओपीडी

गावडे सिस्टर आता आमच्या सोसायटीत राहत नाहीत. लगेच चेहरा पाडू नका, बाई ठणठणीत आहेत. कुडाळजवळ भावाच्या घरी असतात आणि मी फोन केला की आधी माझं बीपी विचारतात, मग मला. पण त्या गेल्यापासून मुलुंड पूर्वेच्या आमच्या या चार मजली इमारतीत कुणाचा हॅमस्टर नुसता शिंकला तरी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात आणि शेवटी कोणीतरी माझी बेल वाजवतं. का, तर मी सिस्टरांच्या समोरच्या दारात अकरा वर्षं राहिले म्हणून! अहो, मी दहावीच्या पोरांना गणित शिकवते. शेजारामुळे विद्या येत असती तर माझ्या डोक्यावर रोज सकाळी पेटी घेऊन बसणाऱ्या बाईंमुळे मी एव्हाना गायला लागले असते.

आणि खरं सांगू का, मला त्या प्राण्याचं काडीचं कौतुक नाही. उंदीर तो उंदीर. गाल फुगवलेला, शेपूट आखूड असलेला, महागडा उंदीर. सिस्टरांनाही सुरुवातीला नव्हतं. त्यांचं म्हणणं, गावाला ज्याच्यासाठी पिंजरा लावायचा त्यालाच इथे पिंजऱ्यात घालून काजू खायला देतात, कलियुग म्हणतात ते हेच.

सिस्टर म्हणजे बुटक्या, काळ्यासावळ्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा आणि खांद्यावर पिन लावलेली सुती साडी. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. नखं इतकी कापलेली की संत्रं सोलायला चमचा लागायचा. महापालिकेच्या एका मोठ्या हॉस्पिटलात कमी वजनाची, दिवस भरायच्या आधी आलेली बाळं ठेवतात त्या खोलीत त्यांनी उभी नोकरी काढली. लग्न केलं नाही. का नाही केलं असं मी एकदा आगाऊपणे विचारलं, तर म्हणाल्या, "वेळ कोणाला होता?" आणि भांडी घासायला लागल्या. आमच्याशी त्या तुमच्याआमच्यासारखं मुंबईचं मराठी बोलायच्या. राग आला, माया आली किंवा समोर कोकणातलं माणूस आलं की गाडी मालवणीवर जायची. हॅमस्टरांशी मात्र पहिल्या दिवसापासून मालवणीच.

तो पहिला दिवस मला चांगला आठवतो. लॉकडाऊन उठत आला होता, पोरं घरात बसून आंबली होती आणि प्रत्येकाला काहीतरी पाळायचं होतं. कुत्र्याला आमच्या कमिटीची परवानगी लागते. हॅमस्टरला लागत नाही, कारण हॅमस्टर नावाचा प्राणी असतो हेच कमिटीला माहीत नव्हतं. वर्षभरात इमारतीत सात पिंजरे झाले. त्यातला दुसऱ्या मजल्यावरच्या पाटकर वहिनींचा पिंजरा एका दुपारी आमच्या पॅसेजमध्ये आला, वहिनी रडवेल्या. चार दिवस त्यांचा हॅमस्टर खात नव्हता आणि जवळचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले होते की आम्ही कुत्री-मांजरी बघतो, हे असलं नाही. सिस्टर कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आल्या होत्या. डबा ठेवला, आत जाऊन कोपरापर्यंत साबणाने हात धुतले, पदर खोचला आणि म्हणाल्या, बघू.

त्या प्राण्याला त्यांनी एका तळव्यात घेतलं, अलगद उताणं केलं आणि आधी त्याची मागची बाजू बघितली. चांगली निरखून, चष्मा कपाळावर सरकवून. वहिनींनी संकोचाने मान फिरवली. सिस्टर म्हणाल्या, "तोंड खोटा सांगता, कुलो खोटा सांगणा नाय." हे वाक्य पुढे मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणेन. मागची बाजू कोरडी होती म्हणजे पोट बिघडलेलं नव्हतं. शेपटीखाली ओलं, चिकट असेल, अंग चोरून बसला असेल, वास येत असेल, तर एक दिवससुद्धा थांबायचं नाही, हे त्यांनी नंतर सगळ्या सोसायटीला घोकून घोकून शिकवलं. मग त्यांनी बोटाने ओठ वर केला. खालचे दात वाढून वळले होते आणि वर टोचत होते. बिचारा खाणार कसा? या जातीचे दात जन्मभर वाढत राहतात, कुरतडायला लाकूड नसेल तर झिजत नाहीत. वहिनींनी तत्परतेने नेलकटर पुढे केलं. सिस्टरांनी त्यांच्याकडे असं बघितलं की वहिनींनी ते परत पर्समध्ये टाकलं.

हा त्यांचा दुसरा नियम. ऊब, पाणी, स्वच्छता आणि लक्ष हे नर्सचं काम. कापणं, टोचणं, औषध देणं हे डॉक्टरचं. जन्मात ही रेघ त्यांनी ओलांडली नाही, आणि दुसऱ्यालाही ओलांडू दिली नाही. ती अख्खी दुपार त्यांनी फोन फिरवले आणि पवईला एक तरुण डॉक्टरीण शोधून काढली, जी असले छोटे जीव बघते. लगेच रिक्षा. मांडीवर पिंजरा सिस्टरांच्या, शेजारी वहिनी आणि मधे कोंबलेली मी, कारण पवईचा रस्ता मला माहीत होता. तिथे पोचल्यावर सिस्टरांनी उभ्या उभ्या रिपोर्ट दिला: वजन इतकं, चार दिवस खाणं बंद, पाणी पितो, शी कमी पण घट्ट, मागची बाजू कोरडी, दात वाढलेले. डॉक्टरीण बघतच राहिली. तिने अदबीने विचारलं, मॅडम, तुम्ही कुठे प्रॅक्टिस करता? सिस्टर म्हणाल्या, रिटायर झाले.

त्यानंतर रविवारची ओपीडी सुरू झाली. कोणी ठरवली नाही, आपोआप झाली. सकाळी दहाला सिस्टरांच्या दारासमोर पिंजरे घेऊन रांग. आधी बेसिनवर हात धुवायचे. ज्याला सर्दी आहे त्याने घरीच बसायचं, कारण आपली सर्दी त्यांना लागते. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर स्टीलची वाटी, वाटीत काकडीचा तुकडा आणि तुकड्याच्या मोहाने त्यात शिरलेला हॅमस्टर. सिस्टरांचं म्हणणं, मुका जीव दुखणं लपवतो, पण वजन लपवू शकत नाही. दर रविवारी वजन बघितलं तर दुखणं तुमच्या आधी काट्याला कळतं. वॉर्डात बाळांना नावं नसायची, वजनावरूनच हाक असायची, नऊशेला दूध दिलं का, अकराशेला घेऊन ये. तीच सवय इथे. पाटकरांचा तो एकशे वीस. तिसऱ्या मजल्यावरची ती एकशे साठ. "काय रे एकशे वीस, मेल्या, जेवलंस काय?" असं त्या त्याच्या नाकाला नाक लावून विचारायच्या आणि तो मिशा हलवायचा.

काय काय केसेस यायच्या म्हणून सांगू! एकीने हॅमस्टरच्या दोन्ही कुल्ल्यांवर हळद थापून आणलं होतं. तिथे काळे डाग दिसले, तिला वाटलं कॅन्सर. सिस्टरांनी हळद पुसली आणि सांगितलं की या नरांना तिथे जन्मतःच वासाच्या ग्रंथी असतात, तुझ्या नवऱ्याला दाढी येते म्हणून तू हळद लावतेस का? एकाचा गाल तीन दिवस फुगलेला. हे लोक गालात दाणे साठवतात हे ठीक, पण संध्याकाळपर्यंत गाल रिकामा व्हायला हवा. आत चिकटून बसला होता तिळगूळ! संक्रांतीला घरातल्यांनी गोड बोलायला लावलं होतं त्याला. तो पवईला जाऊन मोकळा झाला. एकाच्या पायाला कापूस गुंडाळून पाय सुजलेला, कारण गादी मऊ हवी म्हणून उशीतला कापूस घातला होता. सिस्टर म्हणाल्या, टिश्यूचे तुकडे घाला, साधे, बिनवासाचे, त्याला सासरी पाठवायचं नाहीये. एकाच्या घरात अगरबत्ती पिंजऱ्याखालीच लागायची आणि मग तो शिंकायचा. माणसं मायेने मारतात, असं त्या हात पुसता पुसता म्हणायच्या.

आता दळव्यांकडे येते, कारण सिस्टर मला खऱ्या कळल्या त्या दळव्यांमुळे.

दळवी आजोबा चौथ्या मजल्यावर. भांडुपच्या रंगाच्या कारखान्यातून निवृत्त, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात इरा त्यांच्याजवळ राहायची. मग मुलाला कॅनडात नोकरी लागली आणि जुलै महिन्यात तिघं गेली. इराचा हॅमस्टर मागे राहिला. विमानात नेता येत नाही म्हटल्यावर त्या पोरीने पिंजरा आजोबांच्या हातात दिला आणि वचन घेतलं की पुढच्या जुलैत शाळेला सुट्टी लागली की मी येणार, तोपर्यंत मोदकला सांभाळायचं. मोदक हे त्याचं नाव. वजन दीडशे ग्रॅम, म्हणून सिस्टरांच्या भाषेत दीडशे. दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल व्हायचा, तेव्हा तिकडे सकाळ असायची. आजोबा, कसे आहात, हे इरा मोदक बघून झाल्यावर विचारायची. आजोबांना त्याचं काही वाटत नसे. खरं तर ती त्या पिंजऱ्यासाठी फोन करते की आपल्यासाठी, हे त्यांना तपासून बघायचंच नव्हतं. मोदक आहे तोवर रविवार आहे, असं त्यांनी मला एकदा जिन्यात सांगितलं आणि मग उगाच खोकले.

पहिलीच दिवाळी आली. आदल्या दिवशी कॉलवर इराने तोंड पाडलं, इथे उटणं नाही, तेल नाही, काही नाही, तुम्ही मोदकला तरी अभ्यंगस्नान घाला. नातीने सांगितलं म्हणजे सांगितलं. नरकचतुर्दशीला पहाटे दळव्यांनी मोदकला पाटावर घेतलं, तिळाचं तेल लावलं, उटणं चोळलं, कोमट पाण्याने आंघोळ घातली, ओवाळलं, आणि सुकायला पंख्याखाली ठेवलं. हा प्रमाद आमच्या सोसायटीतच होऊ शकतो. जगाच्या पाठीवर दुसऱ्या कोणत्या हॅमस्टरला उटणं लागलं असेल असं मला वाटत नाही.

उजाडताना मी आणि सिस्टर खाली तुळशीपाशी होतो. नरकासुर म्हणून कडू कारीट फोडायचा मान त्यांचा. त्यांनी टाचेखाली कारीट धरलं होतं, केसांतून तेल निथळत होतं, आणि समोर दळवी आले. हातात टॉवेलची गुंडाळी. ती त्यांनी सिस्टरांपुढे धरली. सिस्टरांनी टॉवेल उलगडला. मोदक गार, ताठ, डोळे मिटलेले, केसांत उटण्याची पुटं. मी हात लावून बघितला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, गेला हो.

सिस्टर माझ्यावर खेकसल्या. "ऊब दिल्याबिगर मेलो म्हणूचा नाय!"

कारीट तसंच राहिलं. त्या घरात गेल्या, कोरड्या मऊ फडक्याने त्याला टिपलं, पंखा बंद केला, खिडकी लावली, आणि मोदकला ब्लाऊजच्या आत, छातीशी ठेवून वरून पदर घेऊन पलंगावर बसल्या. कमी वजनाचं बाळ आईच्या अंगाशी बांधून ठेवतात ना, तसं. दळवी गरम पाण्याची पिशवी आणायला धावले तर त्यांना थांबवलं. एकदम गरम करायचं नाही, हळूहळू. थंडीने हे जीव असे निपचित पडतात, श्वास इतका सावकाश की कळत नाही, आणि माणसं त्यांना जिवंतपणी पुरून मोकळी होतात. आम्ही दोघं जमिनीवर बसलो. बाहेर फटाके, फराळाची ताटं इकडून तिकडे चाललेली आणि आत आम्ही तिघं घड्याळाकडे बघत. पाऊण तासाने सिस्टरांच्या चेहऱ्यावर एकदम गुदगुल्या झाल्यासारखं हसू आलं. मिशी हलली होती.

त्यानंतर दळव्यांना जे काही ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आंघोळ आपल्याला, त्याला वाटीभर कोरडी स्वच्छ वाळू ठेवायची, तो स्वतः लोळून साफ होतो, हा त्यातला छापण्याजोगा भाग. दोन दिवसांनी मोदक शिंकायला लागला, पवईच्या डॉक्टरणीने औषध दिलं, तो बरा झाला. दळवी सिस्टरांकडे चकल्यांचा डबा घेऊन गेले आणि सिस्टरांनी डबा घेतला, पण आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

एप्रिल उजाडला आणि काटा बोलायला लागला. दीडशेचा एकशे चाळीस, मग एकशे तीस. पाठ कुबडी झाली, केस विरळ झाले, आणि पोटाला बोटाला लागेल अशी गाठ. पवईच्या डॉक्टरणीने नीट समजावलं: गाठ आतली आहे, वयही झालंय, या जातीला दोन-अडीच वर्षांचंच आयुष्य, ऑपरेशन झेपणार नाही, दुखू नये म्हणून थेंब देऊ आणि आरामात ठेवू. किती दिवस, ते तिने सांगितलं नाही. जुलैला अजून अडीच महिने होते. परतताना रिक्षात दळवी बाहेर बघत बसले. आणि एक गोष्ट माझ्या तेव्हा लक्षात आली नाही, नंतर आली. वजन उतरायला लागलं तशा सिस्टर त्याला दीडशे म्हणायच्या बंद झाल्या. मोदक म्हणायला लागल्या.

पुढचा उद्योग माझा. सांगून टाकते, लपवत नाही. मला दळव्यांचं तोंड बघवेना, म्हणून मीच म्हटलं, अहो, घाटकोपरला एका दुकानात ढिगाने असतात, हुबेहूब असाच बदामी रंगाचा घेऊन येऊ, पोरीला काय कळणार आहे? दळव्यांचे डोळे चमकले. दोघं जाऊन घेऊन आलो. पांढरा पट्टासुद्धा तसाच, मला माझ्या हुशारीचं भारी कौतुक वाटलं. रविवारी दळव्यांनी साळसूदपणे दोन्ही पिंजरे सिस्टरांपुढे ठेवले. सिस्टरांनी नव्याला उचललं, उताणं केलं, चष्मा वर सरकवला. मग शांतपणे खाली ठेवलं.

"दळवीनू, ह्यो मोदक बाईमाणूस आसा."

रांगेतली पोरं खिदळली. मीही हसले. सिस्टर हसल्या नाहीत. पोरांना घरी पाठवून त्यांनी दार लावलं आणि आम्हा दोघांना समोर बसवलं. मी म्हटलं, सिस्टर, बाई काय नि बुवा काय, इराला कळणारसुद्धा नाही.

"कळणार नाही म्हणूनच सांगायचं," सिस्टर म्हणाल्या. "कळणार असतं तर आपण न सांगताही कळलंच असतं."

दळवी म्हणाले, ती आठ वर्षांची आहे हो. सिस्टर म्हणाल्या की वॉर्डातल्या बाळांच्या आया पण एकोणीस-वीसच्या असायच्या, घरचे म्हणायचे तिला सांगू नका, खचेल. आणि ती बाई दारात उभी राहून आतल्या प्रत्येक नर्सचा चेहरा वाचत बसायची. सगळ्यांना माहीत, जिचं बाळ तिलाच नाही. दळवी उठले. त्यांचा आवाज चढला, तो मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. तुम्हाला ना मूल ना नातवंडं, तुम्हाला काय कळणार, म्हणाले आणि दोन्ही पिंजरे उचलून गेले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सिस्टरांनी काटा पुसून जागेवर ठेवला.

दोन रविवार दळवी ओपीडीला आले नाहीत. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी त्यांनी माझी बेल वाजवली, सिस्टरांची वाजवायची हिंमत नव्हती. हातात मोदक, इतका वाळलेला की टॉवेलचंच वजन जास्त. मीच मग सिस्टरांचं दार ठोकलं. सिस्टरांनी मागचं काही काढलं नाही. हात धुतले, मोदकला घेतलं, डॉक्टरणीने दिलेले थेंब वेळेवर जातात ना एवढं विचारलं. तेवढ्यात दळव्यांचा फोन वाजला. कॉलची वेळ झालीच होती.

दळव्यांनी फोन उचलला आणि बघत राहिले. इरा म्हणाली, आजोबा, मोदक कुठाय? मी मनात म्हटलं, आता वर जातात आणि ती दुसरी आणून दाखवतात. दळव्यांनी सिस्टरांकडे बघितलं. सिस्टर त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. मग दळव्यांनी अडखळत अडखळत सगळं सांगितलं. गाठ, वय, डॉक्टर काय म्हणाले ते. दुकानातून आणलेल्या दुसरीचंसुद्धा सांगून टाकलं. बोलता बोलता फोन इतका कलला होता की पलीकडे इराला आमचं छतच दिसत असणार.

पोरीने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, त्याला दुखतंय का?

दळव्यांनी फोन सिस्टरांपुढे केला. सिस्टरांनी फोन घेतला. थोडं दुखतं, म्हणाल्या, औषध देतो त्याने कमी होतं, खातो पण अगदी थोडं.

"मग माझ्यासाठी त्याला नका ना थांबवू," इरा म्हणाली. "पण एकटं नका ठेवू. कोणीतरी राहा त्याच्याजवळ."

"नाही ठेवत," सिस्टर म्हणाल्या. "शब्द दिला."

मी तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडला. महिनाभर आम्ही शहाणीसुरती माणसं त्या मुलीला सांभाळायची कशी याचा खल करत होतो.

सिस्टरांचं गावी जायचं तेव्हा पक्कं झालेलं होतं. भावाने घर दुरुस्त केलं होतं, मृगाच्या आधी ये म्हणून रोज फोन करत होता. सामान बांधलेलं. त्यांनी भावाला कळवलं की जमत नाही, एक पेशंट आहे. आणि ड्युट्या लावल्या. सकाळ दळव्यांची, दुपार आणि रात्र सिस्टरांची, संध्याकाळी क्लास सुटल्यावर माझी. हो, माझी. उंदीर मांडीवर घेऊन मी दहावीचे पेपर तपासलेत. मोदक टॉवेलात पडून असायचा, बोटाला लावलेलं दही मिचमिच चाटायचा आणि माझा अंगठा धरून झोपायचा. मला आवडला तो. झालं समाधान?

जूनमधल्या एका गुरुवारी, दुपारी, सिस्टरांच्या ड्युटीत तो गेला. मी हाकेसरशी पोचले तेव्हा तो त्यांच्या दोन्ही तळव्यांत होता. दळवी खाली आले. सिस्टरांनी त्याला आणखी अर्धा तास तसंच उबेत धरून ठेवलं, नियम म्हणजे नियम, मग मनगट वळवून घड्याळ बघितलं आणि वेळ मोठ्याने सांगितली. सोसायटीच्या मागच्या बागेत पोरांनी त्याला जास्वंदीखाली ठेवलं. दळव्यांनी त्याच संध्याकाळी, रविवारची वाट न बघता, स्वतः कॉल लावला. नंतर मला जिन्यात भेटले तेव्हा रडून डोळे लाल झालेले, आणि म्हणाले, ती तासभर बोलली माझ्याशी, नुसती माझ्याशी.

वाटलं, आता सिस्टर जातील. मृग सुरू होऊन गेला, आर्द्रा लागली, बाई हलेनात. भावाचे फोन चालूच. मी विचारलं तर म्हणाल्या, पोर येऊन जाऊ दे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात इरा आली. विमानतळावरून गाडी आली, आईबाप सामान काढतायत, दळवी मिठी मारायला हात पसरून उभे, आणि ही पोरगी उंच झालेली, डोळ्यांत झोप, आजोबांना एक घट्ट मिठी मारून तडक आमच्या पॅसेजमध्ये. सिस्टर दारातच होत्या. मी समोरच्या दारात.

इराने विचारलं, "तो गेला तेव्हा तुम्ही होतात ना?"

"मी होतंय गो," सिस्टर म्हणाल्या. "तो माझ्या हातातच होतो. शेवटपर्यंत होतंय."

इराने मान हलवली. एवढंच हवं होतं तिला. मग वर जाऊन तिने त्या घाटकोपरच्या बाईमाणसाची ओळख करून घेतली, आजोबांना चीटर म्हणाली आणि तिचं नाव करंजी ठेवलं. करंजी आजही चौथ्या मजल्यावर सुखाने नांदतेय, आणि रविवारचा कॉल आता दीड तास चालतो.

दुसऱ्याच दिवशी सकाळी सिस्टर निघाल्या. भाच्याने कुडाळहून गाडी आणली होती. तो डिकीत सामान लावत होता, निरोप द्यायला आलेली माणसं चहापाण्यात होती आणि आम्ही दोघी खालच्या बाकावर बसलो होतो. मी म्हटलं, सिस्टर, एका पोरीला एक वाक्य सांगायला तुम्ही एवढं थांबलात?

त्यांनी पदराने चष्मा पुसला. मग त्यांनी सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, एका दुपारी, वॉर्डात दोघीच नर्स आणि बाळं भरपूर. एक बाळ कोपऱ्यातल्या पाळण्यात गेलं तेव्हा त्या दुसऱ्याला दूध पाजत होत्या. कुणाच्या लक्षातच आलं नाही. संध्याकाळी त्याची आई आली आणि तिने हेच विचारलं, सिस्टर, तेव्हा तुम्ही होतात ना जवळ? आणि यांनी सांगितलं, हो, होते, माझ्या हातात होतं.

"ती बाई माझ्या पाया पडली," सिस्टर म्हणाल्या. "त्याच्यानंतर मी कुणाशी खोटं बोलले नाही. पण ते एक बोललेलं होतंच ना. परत कोणी विचारलं नव्हतं. काल विचारलं."

मी त्यांचा हात धरला. तळवा खरखरीत, साबणाने धुऊन धुऊन झालेला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ह्या वेळी खरा होता गो." मग उठल्या, सगळ्यांना बीपीच्या गोळ्या वेळेवर घ्या म्हणून दम दिला, दळव्यांच्या पाठीवर थाप मारली, इराचा गालगुच्चा घेतला आणि गाडीत मागे बसल्या.

मी काचेपाशी वाकले, अजून काहीतरी बोलायचं होतं. पण सिस्टरांनी डोकं मागे टेकलं होतं. अकरा वर्षांत त्या बाईचा दिवसाउजेडी डोळा मिटलेला मी पाहिला नव्हता. वॉचमनने गेट पूर्ण उघडेपर्यंत त्या तोंड उघडं टाकून गाढ झोपल्या होत्या.